काठ्या सरळ दिसतात का?

कोइवुवारा, १९ ऑक्टोबर

प्रिय वाटाड्या,

तुझं लिनक्स मेलं. म्हणजे यंत्र चालतंय, हे पत्र त्याच्यावरच लिहितेय, पण आपला गाड्यांच्या शर्यतीचा खेळ, 'सोरा', उघडला की पडदा काळाठिक्कर. आवाज मात्र सगळा येतो. इंजिन गुरगुरतं, चाकाखाली खडी वाजते, तू तिकडून वळणं वाचताना "डावं चार, उंचवटा" म्हणालास तेही ऐकू आलं, आणि मी आपली काळोखात चाक धरून बसलेली. "हिल्का, झोपलीस की काय?" म्हणून विचारत होतास ना? झोपले नव्हते बाबा. मला रस्ताच दिसत नव्हता.

मी काय केलं ते आधीच सांगून टाकते, म्हणजे तू एकदा ओरडून घेशील आणि कामाला लागशील. शनिवारी कोपऱ्यात लाल ठिपका आला, नवीन आलंय, घ्या म्हणून. मी घेतलं. फुकट मिळालेलं नाकारायची आपल्या घरात रीत नाही.

फोन करू नकोस. फोनवर मी नुसती हूं-हूं करते आणि तू एकटाच बोलत बसतोस. लिहून पाठव, एकेक पायरी, बसच्या वेळापत्रकासारखी. आणि लवकर पाठव. आठवडाभर मी वाचनालयाची बस हाकते, मागे पुस्तकांची कपाटं, वळणावर जरा जोरात घेतलं की कादंबऱ्या अंगावर येतात. रविवारचा तेवढा एक तास मी माणसासारखी गाडी चालवते. मार्चची हिवाळी स्पर्धा आली की दोन म्हाताऱ्यांची जोडी म्हणून पोरं आपल्याला हसतात आणि मग हरतात. आपली आई म्हणायची ते आठवतं ना, हिल्काला चालता येण्याआधी गाडी चालवता आली. चाक हातात आहे तोवर मी आहे. बाकी माझ्याकडे काय आहे?

तुझी
हिल्का

•

गोथेनबर्ग, २१ ऑक्टोबर

प्रिय सारथी,

'चालत्या यंत्राला हात लावायचा नाही' हे वाक्य मी स्वतःच्या हाताने तुझ्या फ्रीजवर चिकटवून आलो होतो. त्याच्यावर आता तू बहुतेक सौनातल्या वाफेसाठी आणलेल्या लाकडांची पावती लावली असशील. झालं, ओरडून झालं.

आता घोडं अडलंय कुठे ते समजून घे. 'सोरा' लिहिला गेला विंडोजसाठी. लिनक्सला ती भाषा येत नाही, म्हणून मध्ये एक दुभाष्या बसतो. खेळ काही बोलला की तो त्याचं भाषांतर करून चित्रांच्या कार्डाला सांगतो. तू शनिवारी नवा दुभाष्या घरात घेतलास. तो नव्या बोलीत बोलतो आणि तुझं कार्ड म्हातारं आहे. त्याला कळेना, म्हणून ते गप्प बसलं. काळा पडदा म्हणजे दुसरं काही नाही, म्हाताऱ्याचं गप्प बसणं.

खेळाच्या नावावर उजवं बटण दाबून गेल्या वर्षीचा दुभाष्या निवड. मग यंत्रातून बाहेर पड आणि परत आत येताना, जिथे परवलीचा शब्द टाकतेस तिथे खाली एक छोटं चक्र आहे, त्यातून चित्र दाखवायची जुनी पद्धत घे. आणि काहीही झालं तरी मला लॉग पाठव. यंत्र काय काय पुटपुटलं ते त्यात असतं. लॉगशिवाय माझं काम म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं.

घाबरू नकोस. प्रत्येक बिघाडाला कारण असतं, आणि कारण सापडलं की बिघाड जातो. मी जन्मभर याच एका वाक्यावर पोट भरलंय.

एन्सिओ

•

कोइवुवारा, २ नोव्हेंबर

प्रिय वाटाड्या,

जमलं. जुना दुभाष्या आला, चक्रातून जुनी पद्धत घेतली आणि पडदा उजळला. तू खरंच हुशार आहेस, हे मी लिहून देतेय, जपून ठेव, पुन्हा मिळणार नाही.

पण ये रे माझ्या मागल्या. चित्र आलं ते धड नाही. खेळातल्या रस्त्याकडेला, बर्फात रस्त्याची कड कळावी म्हणून, काठ्या रोवलेल्या असतात ना, त्या कंबरेत वाकलेल्या दिसतात. सगळ्या नाहीत, जिच्याकडे बघावं ती. आणि रस्ता लांबवर जिथे बारीक होतो तिथे एक डाग आहे, काचेवर कोणी लोण्याचं बोट फिरवल्यासारखा. मी पडदा पुसला. व्हिनेगरने पण पुसला. काल तू "उजवं दोन, आखडतं" म्हणालास आणि मी सरळ झाडीत शिरले ते याचमुळे. तू चुकीचं वाचलंस असं मी तेव्हा म्हणाले, ते मागे घेते.

लॉग जोडलाय. मला त्यातलं एक अक्षर कळत नाही.

हिल्का

•

गोथेनबर्ग, ४ नोव्हेंबर

प्रिय सारथी,

नाचता येईना अंगण वाकडं! चाळीस वर्षांत, खऱ्या गाडीत असो की खेळात, तू झाडीत गेलीस की दोष कधी टायरचा, कधी माझ्या वाचण्याचा, आणि आता काठ्यांचा. थट्टा केली गं, रागावू नकोस. लॉग वाचला आणि मला तर त्यात मजाच वाटली.

खेळात भिंगाचा परिणाम नावाचं एक नखरेल प्रकरण असतं. कॅमेऱ्यातून बघतोय असं वाटावं म्हणून रेषा मुद्दाम थोड्या वाकवतात. कार्डाचा ड्रायव्हर, म्हणजे कार्डाला हुकूम सोडणारा कारकून, तिथे गोंधळ घालत असावा. सेटिंगमध्ये जाऊन भिंग बंद कर, साठवलेली जुनी चित्रं पुसून टाक, आणि धुकं कमी कर. डाग धुक्याचाच असणार.

आणि आमच्या लिनक्सवाल्यांच्या फोरमवर मी तुझ्या नावाने रीतसर तक्रार घातली आहे. 'काठ्या वाकड्या दिसतात, मध्ये डाग, तक्रारदार हिल्का.' ड्रायव्हर लिहिणारी मंडळी तिथेच वावरतात. आमच्याकडे एक नियम आहे, आम्ही तो देवळातल्या नियमासारखा पाळतो: तक्रार ज्याची, त्याने स्वतः 'झालं' म्हटल्याशिवाय ती बंद होत नाही. बाकी शंभर जणांचं नीट चालत असलं तरी उघडीच राहते. तेव्हा तू आता मोठी बाई झालीस.

एन्सिओ

•

कोइवुवारा, २० नोव्हेंबर

एन्सिओ,

भिंग बंद, धुकं बंद, जुनी चित्रं पुसली. फरक शून्य. डाग उलट वाढलाय असं वाटतं, पण रोज तेच बघून वाटत असेल.

यंदा सगळाच वाकडेपणा चाललाय. रस्तेवाल्या पोरांनी खऱ्या काठ्यासुद्धा वाकड्या रोवल्यात. माझ्या बसची जुनी वाचक लेंपी, तिच्या घराचा उतार तुला माहीत आहे, तिथे तर एक सरळ नाही. बर्फ पडला की तो लोटणारा नांगरवाला गाडी खड्ड्यात घालेल म्हणून मी त्यांच्या साहेबांना फोन केला, मी, फोन! तो म्हणतो, "हिल्का, सुतात आहेत. दोरी लावून रोवल्यात." मी म्हटलं, "मग दोरी वाकडी असेल." हसला. म्हणाला, "कॉफी घे आणि झोप."

कॉफी घेतली, तर निम्मी कपाबाहेर. मेजपोश आईच्या हातचा होता. धुवायला टाकलाय.

हिल्का

•

गोथेनबर्ग, २३ नोव्हेंबर

प्रिय सारथी,

साहेबांशी काठ्यांवरून भांडतेस? हा खेळ डोक्यात गेलाय तुझ्या. स्पर्धा जवळ आली की तुझं असंच होतं. त्या वर्षी नाही का, लग्नाच्या मांडवात तू पाद्रीबुवांना "वेग कमी कर" म्हणालीस.

फोरमवर तुझ्या तक्रारीने चांगलाच धुरळा उडवलाय. आणखी काही जण पुढे आले, आमच्याही काठ्या वाकतात म्हणून. म्हणजे तू एकटी नाहीस आणि तुला भास होत नाहीत. ब्रनोचा एक रादिम नावाचा माणूस ड्रायव्हरचा तो भाग सांभाळतो, त्याने जातीने लक्ष घातलंय. त्याला दोन गोष्टी हव्यात. वाकडं दिसत असताना पडद्याचा फोटो, म्हणजे यंत्राने आतल्या आत काढलेला, मोबाइलने नव्हे. आणि एका प्रश्नाचं उत्तर: खेळ बंद केल्यावर, साध्या अक्षरांतही वाकडं दिसतं का? पडद्यावरून नजर काढली तरी दिसतं का? हा शेवटचा प्रश्न बालिश आहे, मला कल्पना आहे, पण त्याने विचारलाय म्हणून विचारतो.

एन्सिओ

•

कोइवुवारा, १ डिसेंबर

एन्सिओ,

फोटो जोडलाय.

उत्तर: फक्त खेळात. अक्षरं नीट, बाकी जग नीट, सगळं सुतासारखं सरळ. असंच लिही तिथे.

दुसरं काही विशेष नाही. गुरुवारचं वाटाण्याचं सूप जळलं. बसचा आरसा एका फाटकाला जरासा खरचटला, फाटकच नको तिथे होतं. उन्हाळ्यात माझी जड गाडीच्या परवान्याची तपासणी आहे, डोळे, कान, रक्तदाब, सगळं नव्याने. त्याचीच धास्ती घेतलीय बहुतेक मी.

ड्रायव्हरचंच आहे ना रे हे? तू म्हणालास ना, कारण सापडलं की जातं?

हिल्का

•

गोथेनबर्ग, ५ डिसेंबर

प्रिय सारथी,

ड्रायव्हरचं नसलं तरी यंत्राचंच आहे. आणि आता तर आपण चोराच्या घरापर्यंत आलो.

तुझा फोटो मी मोठा करून बघितला. काठ्या सरळ, डाग नाही, आरशासारखं स्वच्छ चित्र! तुला वाटेल की गोंधळ वाढला, पण आमच्या धंद्यात याला आनंदाची बातमी म्हणतात. विचार कर. चित्र तयार होतं कार्डात. तिथून ते केबलमधून मॉनिटरवर जातं आणि मॉनिटरवरून तुझ्यापर्यंत. फोटो कार्डाच्या आतला आहे आणि तो निर्दोष आहे. म्हणजे बिघाड त्याच्या पुढे आहे. केबल किंवा मॉनिटर, तिसरं काही उरतच नाही. रादिम अजून भिंगाच्याच मागे आहे, त्याचं त्याला शोधू दे. मी नवी केबल आणि माझा माळ्यावरचा चांगला मॉनिटर पार्सल केलाय. नाताळची भेट समज.

फोरमवर एकाने आगाऊपणा केला. म्हणतो, बिघाड खुर्ची आणि कीबोर्डच्या मध्ये बसलाय. हा आमच्यातला जुना, शिळा विनोद आहे, वापरणाऱ्या माणसाला गाढव ठरवायचा. मी त्याची अशी कानउघाडणी केली की तो परत फिरकला नाही. माझ्या सारथ्याला कोणी गाढव म्हणायचं असेल तर तो हक्क माझा आहे.

एन्सिओ

•

कोइवुवारा, १० जानेवारी

एन्सिओ,

मॉनिटर मिळाला. छान आहे, मोठा आहे. केबल बदलली. सगळं तसंच आहे.

स्पर्धेत यंदा राहू दे. नाताळात तुझे फोन घेतले नाहीत, मी सौनात होते. प्रत्येक वेळी सौनात होते असं धर.

हिल्का

•

गोथेनबर्ग, ८ फेब्रुवारी

प्रिय सारथी,

खुर्चीत नीट बस. सापडलं!

रादिमने पुरावा हातात धरून दाखवलं. तुझ्यासारख्या म्हाताऱ्या कार्डांवर भिंगाचं गणित खरंच चुकत होतं. तू सेटिंगमध्ये भिंग बंद केलंस तरी ड्रायव्हर ते चोरून चालूच ठेवत होता. जगात कोणाच्या लक्षात आलं नव्हतं, सगळ्यांना वाटायचं खेळच तसा आहे. तुझ्यामुळे कळलं, हिल्का, तुझ्या त्या काठ्यांमुळे! तुझ्या स्वच्छ फोटोचं कोडं मला अजून सुटलेलं नाही, पण रादिम म्हणतो की फोटो काढताना भिंग बाजूला होतं. पटण्यासारखं आहे. मला पटवून घ्यायचंय.

या महिनाअखेर नवा ड्रायव्हर येईल. स्पर्धेला राहू दे म्हणालीस ते मी ऐकलंच नाही. आपलं नाव दिलंय. वळणांचे सगळे कागद नव्याने लिहून काढतोय, या वेळी एकही "आखडतं" उशिरा येणार नाही.

पत्र लिही. दोन ओळी तरी.

एन्सिओ

•

गोथेनबर्ग, १ मार्च

हिल्का,

नवा ड्रायव्हर आला आणि तुझ्या यंत्रावर तो आपोआप चढलाही असेल. फोरमवर नुसती दिवाळी आहे. पोर्तुगालमधला एक, एस्टोनियातले दोघे भाऊ, कोण कुठले, सगळे लिहितायत की काठ्या सरळ झाल्या. एकाने लिहिलंय, 'हिल्का कोण आहे माहीत नाही, पण तिला माझ्यातर्फे एक कॉफी.' ड्रायव्हरबरोबरच्या टिपणात तुझं नाव छापलंय गं. माझं एवढ्या वर्षांत कुठे आलं नाही.

फक्त तुझं उत्तर अडलंय. तक्रार तुझी, तू 'झालं' म्हणायचंस. रादिमने दोनदा विचारलं. आता तरी सांग, काठ्या सरळ दिसतात का?

एन्सिओ

•

कोइवुवारा, ९ मार्च

एन्सिओ,

नाही.

नवा ड्रायव्हर चढला त्या दिवशी मी खेळ उघडला. तू म्हणालास म्हणून उघडला. जगातल्या सगळ्यांच्या काठ्या सरळ झाल्या आणि माझ्या वाकड्याच. तेव्हा तुझी ती साखळी मी मनात पुन्हा मोजली. कार्ड, केबल, मॉनिटर. तिसरं काही उरत नाही म्हणाला होतास. उरतं. मॉनिटरनंतर मी उरते.

नवीन कळलं असं नाही. मला नोव्हेंबरातच कळलं होतं. लेंपीच्या उतारावर बस थांबवली होती, डाव्या डोळ्यात काहीतरी गेलं म्हणून हाताने झाकला, आणि समोरच्या सगळ्या काठ्या सैनिकांसारख्या ताठ उभ्या राहिल्या. हात काढला, वाकल्या. पुन्हा झाकला, ताठ. तिथे पाच मिनिटं हेच करत बसले. दुसऱ्या आठवड्यात तू विचारलंस, पडद्यावरून नजर काढली तरी दिसतं का, आणि मी तुला धडधडीत खोटं लिहिलं. डॉक्टरकडे गेले असते तर त्याने परवाना काढून घेतला असता, त्याला घ्यावाच लागतो. आणि तू इतक्या खात्रीने लिहीत होतास. ड्रायव्हरचं असेल तर ते जातं. डोळ्याचं असेल तर कोण पाठवणार नवा? मला तुझंच खरं ठरायला हवं होतं. रोज सकाळी वाटायचं, आज एन्सिओला सापडेल.

फेब्रुवारीत उजव्यातही सुरू झालं.

गेल्या मंगळवारी मी लेंपीच्या वाटेवरच्या टपालपेट्या उडवल्या. तिथे सगळ्या घरांच्या पेट्या एका फळीवर ओळीने आहेत, ती अख्खी फळी. माणूस कोणी नव्हतं. मी खाली उतरून बर्फात उभी राहिले. लेंपी काठी टेकत बाहेर आली, पेट्यांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. म्हणाली, "पेट्या गेल्या त्या गेल्या. माझं पुस्तक आणलंस का?" मी आत जाऊन पुस्तक काढलं. ते कोणतं आहे हे मला वाचता येईना, एन्सिओ. तिच्या हातात दिलं. ती म्हणाली, "हे मी नव्हतं मागितलं." मग माझ्या तोंडाकडे नीट बघून म्हणाली, "किल्ली दे इकडे."

मी दिली.

लेंपीने मला जिल्ह्याच्या इस्पितळात नेलं. डोळ्याच्या मागे बारीक शिरा फुटून रक्त पाझरतं, त्याने मधलं बघायचं जातं. रेषा वाकड्या दिसणं ही त्याची पहिलीच खूण, हे तिथल्या नर्सपोरींनासुद्धा माहीत आहे. डोळ्यात सुई देतात. तेव्हाच आले असते तर दोन्ही टिकले असते, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. ओरडून म्हणाल्या असत्या तर बरं झालं असतं. डाव्यात आता नुसता वण आहे. उजव्यात सुई देतात, राहील तेवढं राहील.

रोग म्हशीला आणि औषध पखालीला. पण पखाल बरी झाली की रे, ते एक आहेच.

हिल्का

•

गोथेनबर्ग, ११ मार्च

हिल्का,

तीन वेळा लिहायला बसलो आणि तीन वेळा पुसलं.

तू मला सांगितलं होतंस. नोव्हेंबरात सांगितलंस, खऱ्या काठ्या वाकड्या आहेत म्हणून, आणि मी पाद्रीबुवांचा विनोद केला. कॉफी सांडली तेही लिहिलंस, फाटकाचंही. लॉगमधली प्रत्येक ओळ मी वाचली आणि तुझं एकही पत्र वाचलं नाही. मी साध्या माणसासारखा विचार केला असता तर पहिल्या दिवशी म्हणालो असतो, एक डोळा झाकून बघ. ज्याला खेळ म्हणजे काय, यंत्र म्हणजे काय ठाऊक नाही, तोही हे म्हणाला असता. आणि एकाने फोरमवर तसं म्हटलंही होतं, वाकड्या तोंडाने का होईना. मी त्याला हाकलून दिलं.

ईस्टरला येतो. नाही म्हणू नकोस, तिकीट काढलंय. मी काय विचार केलाय ऐक. वळणं मी वाचतोच. तुला रस्ता दिसायची गरजच किती? आवाजावर चालव. खेळातल्या काठ्या मी जाड करतो, रंग बदलतो, कडा ठळक करतो, सगळं करता येतं. काहीतरी निघेल. कडेचं दिसतं ना तुला? मग त्याच्यावर काहीतरी बसवू.

उजव्याची पुढची सुई कधी आहे?

एन्सिओ

•

कोइवुवारा, ४ मे

प्रिय वाटाड्या,

हे मी बोलतेय आणि यंत्र लिहितंय. तू जाताना बसवून दिलंस ते. लिनक्सवर पहिल्या झटक्यात चाललेली माझ्या आयुष्यातली ही एकच गोष्ट, आणि ती ही असावी! चुका असतील तर तू समजून घे, मला त्या दिसणार नाहीत.

तू पोचल्यावर लिहिलंस की ईस्टरचे दिवस वाईट गेले नाहीत. वाईटच गेले, एन्सिओ. खोटं लिहिण्यात मी तुझ्याहून तरबेज आहे, मला ओळखू येतं. शेजारी बसलास तर माझं तोंड बघशील म्हणून मी तुला आतल्या खोलीत बसवलं होतं. पहिल्या दिवशी तू वाचलंस आणि मी डोळे मिटून दोन वळणं घेतली. "डावं चार" घेतलं, "उंचवटा" घेतला, आणि मला वाटलं, अरे, जमतंय की. तूही ओरडलास आतून. मग तिसऱ्याला झाडी. पुन्हा सुरू केलं, पुन्हा झाडी. तू काठ्या पिवळ्या केल्यास. झाडी. मग जाड केल्यास, मग खांबांएवढ्या केल्यास, मग रस्ता काळा आणि आभाळ पांढरं. चार दिवस तू त्या खुर्चीतून उठला नाहीस आणि मी तुला पुलओव्हरच्या बाह्या दुमडताना ऐकत होते. जन्मभर ऐकलाय तो आवाज, तू बाह्या दुमडल्यास की मला धीर यायचा. या वेळी आला नाही. शेवटी मी "पुरे" म्हणाले तेव्हा तू यंत्र बंद केलंस. रडत होतास की काय ते मला ठाऊक नाही, आणि आता ते मला बघूनही कळलं नसतं.

उजव्याच्या सुया डॉक्टरीणबाईंनी थांबवल्या. उपयोग नाही म्हणाल्या. नीट समजावून म्हणाल्या, खुर्ची जवळ ओढून, तेव्हाच मला कळलं.

बस आता काजानीहून आलेला एक माणूस चालवतो. सोमवारी घरावरून जातो. ब्रेक उशिरा मारतो, आत पुस्तकं पडल्याचा आवाज स्वयंपाकघरापर्यंत येतो. लेंपी म्हणते, पोरगा चांगला आहे, पण त्याला काही वाचायला सुचवता येत नाही. ती रोज येते, माझी कॉफी ओतते आणि मला काय काय सांडलं ते सांगते. सांगू नकोस म्हटलं तरी सांगते.

काल रस्तेवाली पोरं बर्फाच्या काठ्या उपटून घेऊन गेली. ट्रकमध्ये टाकताना खडखड आवाज आला म्हणून मी बाहेर गेले. साहेब स्वतः आला होता. म्हणाला, "हिल्का, खरं सांगतो, सुतात होत्या." मी म्हटलं, "मला माहीत आहे."

तू दुसरा सारथी शोध. मी रागाने म्हणत नाही. तुझ्यासारखं वाचणारा दुसरा कोणी नाही आणि ते वाया जाऊ नये असं मला मनापासून वाटतं. खेळ मी काढून टाकला. चाक कपाटाच्या वर ठेवलंय, हात लागणार नाही असं.

राहिलं ते रादिमचं. तो अजून विचारतोय म्हणालास, तक्रार उघडीच आहे आणि मी 'झालं' म्हणेपर्यंत उघडीच राहणार. बिचाऱ्याने त्याचं काम चोख केलंय, त्याला का टांगून ठेवायचं? त्याला लिही, हिल्का म्हणते झालं. आणि या वेळी खोटं नाही हां. मला आता काठ्या वाकड्या दिसत नाहीत. समोर बघितलं की मधोमध काहीच नसतं, काठीही नाही आणि रस्ताही नाही. वाकडं दिसायलाही काहीतरी दिसावं लागतं.

बंद करा म्हणावं.

तुझी
हिल्का